विजेची मोटार आणि अपंगांचे आसन

(अंबरनाथ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)

हा विषय मी सुचवला तेव्हा संयोजकांपैकी एका तरुण मित्राने काहीशा संकोचानेच मला विचारले, ‘सर, मोटार हा आपला विषय आहे का?’ शंका रास्त आहे. बदलापूरची माणसे पहाटेच्या लोकलला लोंबकळून मुंबई गाठतात आणि उल्हासनगरच्या कॅम्पांमधून शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून कारखान्यात जातात. अशा परिसरात खासगी मोटारीची चर्चा काढणे हे वरवर पाहता सुखवस्तू माणसाचे चोचले वाटतील. शहरांचा वाहतुकीचा प्रश्न सार्वजनिक वाहतुकीनेच सुटू शकतो, असे मी आयुष्यभर वर्गात शिकवीत आलो आणि आजही माझे मत तेच आहे. परंतु सार्वजनिक या शब्दात ज्यांचा समावेश आपण कधी केलाच नाही, अशांचा एक वर्ग आपल्या या तीन शहरांत आहे. लोकलचा दरवाजा, पुलाचा जिना आणि रिक्षाची पायरी या तिन्ही गोष्टी ज्याला ओलांडता येत नाहीत, त्याच्या दृष्टीने मोटार ही कुबडी आणि कॅलिपर यांच्याच जातीची वस्तू आहे. तिची किंमत मात्र कुबडीच्या जातीची नाही. आजचा प्रश्न एवढाच आहे.

शब्दाबद्दल एक खुलासा करतो. सरकारदरबारी आता ‘दिव्यांग’ म्हणावे असा संकेत आहे. मी जुना शब्दच वापरणार आहे. नाव दिव्य झाले तरी स्थानकाच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, असे माझे निरीक्षण आहे. ज्यांना तो शब्द आवडतो त्यांच्याशी माझे भांडण नाही.

प्रथम हा वर्ग केवढा आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. म्हणजे तिन्ही मिळून सव्वानऊ लाखांच्या थोडी वर. त्याच जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले आणि त्यांपैकी ५४ लाखांचे अपंगत्व चालण्या-हालण्याचे होते. देशाचे प्रमाण येथे लावले तर या तीन शहरांत सुमारे वीस हजार अपंग आणि त्यांत हालचालीचे अपंगत्व असलेले चार हजारांवर निघतात. हा पंधरा वर्षांपूर्वीचा हिशेब आहे. मधल्या काळात बदलापूर कोठपर्यंत पसरले हे येथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

ही माणसे कोण आहेत? त्यांतील मोठा गट पोलिओच्या पिढीचा आहे. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लसीकरण सर्वदूर पोहोचण्याच्या आधी ज्यांना हा रोग झाला, ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत; म्हणजे कमावत्या वयात, घरात दोन-तीन माणसे अवलंबून असलेली. दुसरा गट आपल्या उद्योगांनी आणि आपल्या रेल्वेने निर्माण केला आहे. औद्योगिक वसाहतीतील यंत्रे आणि लोकलचे रूळ दरवर्षी किती हातपाय घेतात याची चर्चा आपण मोर्च्यांतून करतो. भरपाईचा धनादेश मिळाला की तो माणूस आपल्या चर्चेतून नाहीसा होतो. त्याने त्यानंतर कामावर कसे जायचे हा प्रश्न भरपाईच्या कायद्याने कधी विचारलेला नाही. तिसरी गोष्ट अशी की, भाडे कमी म्हणून अपंग कुटुंबे रेल्वेमार्गाच्या शेवटाकडे ढकलली जातात. बदलापूरच्या पुढे वांगणीला अंध कुटुंबांची मोठी वस्ती उभी राहिली ती याच नियमाने. एप्रिल २०२१ मध्ये अंध मातेचे मूल रुळावर पडले आणि मयूर शेळके या पॉइंट्समनने धावत जाऊन ते वाचवले, तेव्हा देशाने वांगणीचे नाव प्रथम ऐकले. अंधांना मोटारीचा उपयोग नाही, हे उघड आहे; पण घर स्वस्त आणि प्रवास महाग हे गणित सर्वच अपंगांना लागू आहे.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ बदलापूर पूर्वेला राहतात. वय पन्नाशीच्या पुढे, डाव्या पायात कॅलिपर, उजवा पाय अशक्त. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात कपड्याच्या एका कारखान्यात ते हिशेब लिहितात. अंतर लोकलने दोन स्थानकांचे. परंतु जिना, अपंगांच्या डब्यात शिरलेली धडधाकट गर्दी आणि तेथून पुढची रिक्षा हे सारे जमेना, म्हणून ते अनेक वर्षे जोडचाकांच्या स्कूटरवरून जातात. पावसाळ्यात कॅलिपरच्या पट्ट्या भिजतात, कातडी सोलवटते आणि महिन्यात चार-पाच खाडे पडतात. खाडा म्हणजे पगारकपात. त्यांनी मोटार घेण्याचे मनात आणले आणि ते एका विक्रीकेंद्रात गेले. तेथील विक्रेता सबंध वेळ त्यांच्या मुलाशी बोलत राहिला. हाताने चालवण्याची यंत्रणा बसवता येईल का, या प्रश्नावर उत्तर मिळाले की गाडीत फेरफार केल्यास हमी रद्द होईल. खुर्ची बाहेरच्या बाजूला वळवता येईल का, या प्रश्नावर तर तो तरुण नुसता हसला. ग्राहक म्हणून त्यांची कल्पनाच कोणी केलेली नव्हती.

आता यंत्राकडे येतो. या गृहस्थांसारख्यांचा आजवरचा इतिहास म्हणजे धडधाकटांसाठी बनलेल्या यंत्रातून योगायोगाने मिळालेल्या सवलतींचा इतिहास आहे. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा स्कूटर आली. तिला गिअर नव्हते, ती बटन दाबून सुरू होई. किक मारण्याची गरज संपली आणि पोलिओच्या कित्येक तरुणांनी तिला दोन जादा चाके लावून घेतली. कंपनीच्या मनात ते नव्हते. मोटारीत तसा योगायोग यायला फार वर्षे लागली. साध्या मोटारीला ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि क्लच असे तीन पेडल असतात. एक पाय निकामी असेल तर क्लच हाताने दाबण्याची दांडी बसवावी लागते. मग एकाच माणसाच्या दोन हातांना स्टिअरिंग, गिअर, क्लच, ब्रेक आणि वेग अशी पाच कामे करावी लागतात. स्वस्त मोटारींत आपोआप बदलणारे गिअर आपल्याकडे २०१४ पासून आले. तोपर्यंत ती सोय श्रीमंतांची होती.

विजेच्या मोटारीला क्लच नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. ॲक्सिलरेटरवरचा दाब कमी केला की मोटरच उलटी वीज निर्माण करू लागते आणि गाडीचा वेग उतरतो. त्यामुळे ब्रेकचा वापरही कमी होतो. एकाच दांडीने, पुढे ढकलल्यास ब्रेक आणि आपल्याकडे ओढल्यास वेग, अशी योजना तिच्यात सहज बसते. फॉरेस्ट नाक्यापासून लालचक्कीपर्यंतच्या वाहतुकीत ज्याने क्लच दाबून दाबून गुडघा दुखवून घेतला आहे, त्याला याचे महत्त्व पटेल. आणि ही वस्तू आपल्या देशाला नवी नाही. बंगळुरूत ‘रेवा’ ही दोन दारांची छोटी विजेची मोटार २००१ मध्येच विक्रीला आली होती, लंडनच्या रस्त्यांवरही ती धावली. ज्याला तिचा सर्वाधिक उपयोग झाला असता त्या वर्गापर्यंत ती पोहोचवावी, असे त्या वेळी कोणाही सरकारला सुचले नाही.

परंतु चालवता येणे वेगळे आणि आत बसता येणे वेगळे. व्हीलचेअरवरचा माणूस मोटारीत शिरतो म्हणजे हातांच्या जोरावर तो आपले शरीर एका आसनावरून दुसऱ्या आसनावर सरकवतो. व्हीलचेअरचे आसन जमिनीपासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटर उंच असते. मोटारीचे आसन त्याच्या जवळपास उंचीचे हवे, दार पुरते उघडायला हवे आणि दाराचा उंबरठा अरुंद हवा. नंतर ती व्हीलचेअर दुमडून आत घ्यायची. माणूस एकटा असेल तर मागच्या डिकीचा त्याला काडीचा उपयोग नाही. चाके काढून, स्वतःच्या छातीवरून उचलून ती शेजारच्या आसनावर ठेवावी लागते. बाजारातील आजच्या विजेच्या मोटारी या दृष्टीने पाहिल्या तर चित्र संमिश्र दिसते. २०२३ मध्ये आलेल्या एमजी कॉमेटला दोनच मोठी दारे आहेत, लांबी तीन मीटरहून किंचित कमी. मोठे दार हा व्हीलचेअरवाल्याचा लाभ, सामानाला जागा नाही हा तोटा. टाटांची टियागो ही चार दारांची, आसन त्या मानाने खाली. याहून महाग गाड्या बहुतेक उंच बांध्याच्या आहेत, कारण कंपन्यांचा नफा तेथे आहे. त्यांवर चढण्यासाठीच शिडी हवी.

आणखी एक अडचण मुळातच आहे. परदेशांत पेट्रोलच्या मोटारीचा तळ कापून खाली घेतात आणि उतरंड बसवून व्हीलचेअर सरळ आत नेतात. विजेच्या मोटारीत तळाखाली बॅटरी पसरलेली असते. तळ कापायचा कोठून? व्हीलचेअरसह आत शिरून चालवायची ‘केंगुरू’ नावाची एक आसनी विजेची गाडी हंगेरीत बनली होती. तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र झाले नाही. तेव्हा आपल्यापुढे उरतो तो मार्ग म्हणजे वळणारे आसन. मारुतीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन-आर गाडीसाठी असे आसन काढले, किंमत सुमारे साठ हजार रुपये. पाऊल चांगले आहे. पण ते आसन चालकाच्या शेजारचे आहे आणि गाडी पेट्रोलची. अपंगाला कोणीतरी फिरवून आणावे, एवढीच कल्पना उद्योगजगताने केली. तो स्वतः चालवील ही शक्यता अजून त्यांच्या आराखड्यात नाही. म्हातारे आईवडील असलेल्या मध्यमवर्गाची मागणी मोठी, अपंग चालकांची विखुरलेली. बाजार मोठ्या मागणीकडे जातो, यात नवल नाही. बाजाराला दोष देण्यात मी तुमचा वेळ घालवणार नाही. राज्यसंस्थेने काय केले ते पाहिले पाहिजे.

माझ्या मते विषयाचे मर्म येथे आहे. विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. तो गाडीच्या किमतीनुसार बदलत नाही आणि घेणाऱ्याच्या गरजेनुसारही नाही. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या, चैनीच्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. एक साधा हिशेब करू. विजेच्या एका आलिशान मोटारीची मूळ किंमत ५० लाख रुपये धरा. ५ टक्क्यांनी तिच्यावर अडीच लाख कर बसतो. ती पेट्रोलची असती तर वीस लाख बसला असता. म्हणजे एका धनिकाला एका खरेदीवर राज्यसंस्थेने साडेसतरा लाख रुपये सोडले. आज सर्वांत स्वस्त विजेच्या मोटारी आठ लाखांच्या आसपास मिळतात. त्या साडेसतरा लाखांत अशा दोन मोटारी येतात आणि दोन वळणाऱ्या आसनांचे पैसेही त्यातच भागतात. यात महाराष्ट्राने माफ केलेला मोटार वाहन कर धरलेला नाही. पेट्रोलच्या महागड्या गाडीवर तो १३ टक्के आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. प्रदूषण कमी व्हावे म्हणून ही सवलत आहे, असे सांगतात. हेतूबद्दल माझा वाद नाही, पण पन्नास लाखांची गाडी घेणारा साडेसतरा लाखांच्या आमिषाशिवाय हवा शुद्ध ठेवणारच नाही, हे गृहीतक मला पटत नाही.

उलट अपंगांची बाजू पाहा. चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना चार मीटरपर्यंतच्या छोट्या मोटारीवर १८ टक्के कराची सवलत होती; इतरांना २८ टक्के आणि वर उपकर. त्यासाठी थेट केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाचे प्रमाणपत्र लागे. सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर सर्वांनाच लागू झाला. सर्वांचा लाभ झाला याचा आनंद आहे. पण अपंगाला इतरांपेक्षा काही अधिक मिळावे, हे तत्त्वच त्या दिवशी विरघळले. गाडीत बसवायच्या साधनांवरील कर २०२१ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला, हे नमूद केले पाहिजे. विजेच्या गाड्यांसाठी केंद्राने २०१९ पासून ‘फेम’ची दुसरी योजना चालवली, तिच्यात खासगी मोटारींना अनुदान नव्हते. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ या दहा हजार नऊशे कोटींच्या योजनेतही नाही. खासगी मोटारीला अनुदान नको, हे धोरण म्हणून मला मान्य आहे. अपंगाची गाडी खासगी मोटारीच्या सदरात टाकणे मान्य नाही.

विजेची गाडी चालवायला स्वस्त पडते, मग कर्ज काढून घ्यावी, असा सल्ला हमखास दिला जातो. पेट्रोलच्या छोट्या मोटारीला किलोमीटरमागे साडेपाच-सहा रुपये लागतात, विजेच्या मोटारीला घरच्या विजेवर दीड रुपयाच्या आत. आमच्या बदलापूरच्या गृहस्थांनी महिन्याला सहाशे किलोमीटर गाडी चालवली तर अडीच हजारांवर बचत होईल. दोन गाड्यांच्या किमतींतला फरक दोन लाख धरला तर तो भरून निघायला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल, व्याज वेगळे. पैसा हाती असलेल्या माणसालाच काटकसर परवडते, हा अर्थशास्त्रातील जुना नियम येथेही दिसतो. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे अनुदान २०२५ मध्ये महिना दीड हजारांवरून अडीच हजार झाले. त्या माणसापुढे आठ लाखांची गोष्ट काढणेही क्रूरपणाचे आहे.

मित्रहो, कायद्याची उणीव आपल्याकडे नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या ४१ व्या कलमात परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक हालचालीसाठी योजना आखाव्यात, सवलती द्याव्यात, वाहनांत फेरफाराची सोय करावी, असे सरकारांवर बंधन आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘अपंगाची गाडी’ या व्याख्येत मागाहून फेरफार केलेली गाडीही आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीचे असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत. शब्द सर्व आहेत. त्यांच्यामागे पैसा नाही.

हा पैसा कसा उभा करावा याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तेथे पूर्वी सरकार अपंगांना निळ्या रंगाची तीनचाकी गाडी देई. एकच आसन, बायकोमुलांना घेता येत नसे, वाऱ्यात ती उलटे. सोव्हिएत संघातही सेर्पुखोव्हच्या कारखान्यातील छोटी मोटार अपंगांना पाच वर्षांच्या बोलीवर मिळे आणि तिच्या आवाजावरून ती गल्लीच्या टोकालाच ओळखू येई. दोन्ही ठिकाणी हेतू उत्तम, पण गाडीच माणसाला वेगळे पाडणारी. ब्रिटनने १९७६ मध्ये हालचालीचा भत्ता सुरू केला आणि पुढच्या वर्षी ‘मोटॅबिलिटी’ ही संस्था उभी राहिली. अपंग माणूस आपला भत्ता संस्थेला देतो आणि संस्था त्याला नेहमीच्याच बनावटीची, हवे ते फेरफार केलेली मोटार काही वर्षांच्या भाडेकरारावर देते; विमा आणि दुरुस्ती संस्थेकडे. आज तिचे आठ लाखांहून अधिक सभासद आहेत. एवढ्या गाड्या घेणाऱ्या संस्थेचे म्हणणे कारखानदाराला ऐकावेच लागते. विखुरलेली मागणी एकत्र केली की ती ताकद होते, हे कामगार संघटनेत वाढलेल्यांना मी सांगायला नको.

आपल्याकडे याची सुरुवात लहान करता येईल. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा आहे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदा या तिघींनी तो निधी शिलाई यंत्रे आणि सत्कारसमारंभ यांत विरघळू न देता एकत्र केला तर दहा-वीस विजेच्या मोटारी भाडेकराराने देता येतील. मालकी संस्थेची, वापर अपंग चालकाचा, भाडे त्याच्या मिळकतीनुसार. याला पूर्वदाखला आहे. अपंगांना विजेवर चालणारे फिरते दुकान मोफत देण्याची योजना राज्य सरकारने २०१९ मध्ये काढली. धंद्यासाठी विजेचे वाहन देता येते, तर नोकरीला जाण्यासाठी का नाही? ज्यांना मोटार नको, त्यांना आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेले ‘निओबोल्ट’सारखे साधन देता येईल, ते व्हीलचेअरला पुढून जोडले की ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणारी तीनचाकी तयार होते. आमच्या पावसात त्याचा उपयोग मर्यादित, हे खरे.

गाडी उभी कोठे राहणार आणि वीज कोठून घेणार, हा प्रश्न उल्हासनगरला बदलापूरपेक्षा बिकट आहे. छोट्या मोटारीची बॅटरी सतरा ते चोवीस युनिटांची असते. रात्रभरात पंधरा अँपियरच्या साध्या प्लगवर ती भरते. पण तो प्लग तळमजल्यावर हवा. कॅम्पांतील कित्येक इमारतींची बांधकामे अनधिकृत, त्यांच्या सोसायट्या नोंदलेल्या नाहीत, स्लॅब कोसळण्याच्या २०२१ मधील दुर्घटना आपण विसरलेलो नाही. अशा इमारतीत तारा ओढून कोणी बॅटरी भरू लागला तर तो स्वतःला आणि शेजाऱ्यांना धोक्यात घालील. म्हणून अपंगांसाठी राखीव, छप्पर असलेली चार्जिंगची जागा महापालिकेच्या दवाखान्यांच्या आणि शाळांच्या आवारात मिळावी, ही मागणी गाडीच्या मागणीआधी करावी लागेल.

आणि अर्ज नुसता निवेदनवजा नको. माझी सूचना अशी आहे की, पुढील महिनाभरात आपण घरोघर जाऊन यादी करावी. हालचालीचे अपंगत्व कोणते. हात किती चालतात. आसनाची सोयीची उंची किती. कामाचे ठिकाण किती लांब. आज प्रवासावर महिन्याला किती खर्च होतो आणि किती खाडे पडतात. इमारतीच्या तळमजल्यावर प्लग आहे की नाही. वाहन चालवण्याचा परवाना आहे की कल्याणच्या आरटीओकडे तो मागावा लागेल. उंची मोजायला शिंप्याची टेप पुरते. तीन शहरांतून पन्नास नावे या तपशिलासह मिळाली तर दोन्ही नगरपरिषदांकडे, महापालिकेकडे आणि मोटार कंपन्यांकडे एकाच दिवशी जाता येईल. उल्हासनगरच्या चार आणि पाच नंबर कॅम्पांची जबाबदारी दोघा मित्रांनी आताच घेतली आहे. अंबरनाथचे मी पाहतो. कात्रप आणि मांजर्लीसाठी बदलापूरहून कोण पुढे येते, ते चहापूर्वी सांगावे.